सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि आमचं बावखल

इरा आणि अर्णव,

मागच्या रविवारी सकाळी मी तुम्हाला फोनवरून नंदाखालची वाडी दाखवत होते, तेव्हा दोघांनी मला एकेक प्रश्न विचारलात. इरा म्हणाली, "आजी, आमच्या कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर आहे. तू पण त्याच्यावरच काम करायचीस ना? म्हणजे नक्की काय करायचीस?" मी उत्तर देणार तोवर फोन फिरवता फिरवता बावखल समोर आलं आणि अर्णवने विचारलं, "हे तळं कापल्यासारखं का दिसतं?" मग तुमच्याकडे झोपायची वेळ झाली आणि फोन संपला.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते बावखल अर्धं बुजलं ते माझ्या सहीच्या एका कागदामुळे. कागद चुकीचा होता. ही हकिगत मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेली नाही. आमच्या गावच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडे "नोकरीतले अनुभव" मागतात आणि दरवर्षी मी तब्येतीचं कारण देते. या वर्षी अनुभव लिहून देते आहे, पण तुम्हाला उद्देशून. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण ज्या माणसांबरोबर हे घडलं त्यांच्याशी मी इंग्रजीत एक शब्द बोललेले नाही. तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा.

आधी कामाबद्दल.

मी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत बावीस वर्षं होते. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना. लोक आमच्याकडे बाटल्या घेऊन यायचे. तेल, अत्तर, रंग, औषधाची पावडर, विहिरीचं पाणी. प्रश्न एकच असायचा, यात काय आहे? काही जणांचा असायचा, यात काही नाही असं लिहून द्याल का? त्यांना आम्ही चहा देऊन परत पाठवायचो.

यात काय आहे हे कळायचं तर आतल्या रेणूंचं वजन करावं लागतं. रेणू तागडीत बसत नाही. त्याला विजेच्या जोराने ओढून न्यावं लागतं, आणि साध्या रेणूवर विजेचा भार नसतो, त्यामुळे तो ओढला जात नाही. म्हणून आधी त्याला भारित करायचं. आमच्या यंत्राच्या पोटात केसाएवढी बारीक धातूची तार होती. तिला फिलॅमेंट म्हणतात. तार तापून पांढरी झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांना सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा देऊन रेणूंच्या वाटेत सोडायचं. असा इलेक्ट्रॉन रेणूच्या अगदी जवळून गेला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. रेणूवर धन भार येतो, यंत्र त्याला ओढू शकतं. काम झालं.

पण सत्तर म्हणजे गरजेपेक्षा खूप जास्त. उरलेल्या ऊर्जेने रेणू मोडतो, आणि वाटेल तसा मोडत नाही. एका पदार्थाचा रेणू नेहमी त्याच ठिकाणी तुटतो, तेच तुकडे त्याच प्रमाणात पडतात. कागदावर त्या तुकड्यांच्या उभ्या रेघा येतात, लहान-मोठ्या. त्या रेघांवरून आम्ही नाव सांगायचो. काचेची बांगडी तुकड्यांवरून ओळखावी, तसं. साऱ्या जगाने सत्तर हाच आकडा धरला आहे, म्हणून वसईतल्या रेघा आणि तुझ्या कॉलेजातल्या रेघा सारख्याच येतील, इरा. तुला एखाद्या दिवशी वेळ असेल तर व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या पदार्थाचा, आलेख काढ आणि मला पाठव. माझ्या वहीत माझा आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघायची मला फार इच्छा आहे.

त्या यंत्राची मला आठवण येते. हे तुमच्या आजोबांना पटायचं नाही. "माणसांची आठवण यावी," ते म्हणायचे. पण सकाळी कुलूप उघडल्यावर व्हॅक्यूम पंपाची घरघर ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटायचं. त्या पोटात हवा चालत नाही. हवा शिरली तर तार जळते. पहिल्याच आठवड्यात मी एक तार जाळली होती. नमुना ज्या द्रावकात विरघळवतो तो सगळा निघून जाईपर्यंत तार बंद ठेवायची असते, आणि मी घाईने सुरू केली. सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मालक, आले. त्यांनी जळलेली तार चिमट्याने उचलून माझ्या टेबलावर ठेवली आणि जेवायला गेले. दर तीन-चार महिन्यांनी सगळा गाभा उघडून, हातमोजे घालून, कापसाच्या काड्यांनी एकेक धातूची चकती घासायची असायची. ते काम मी कुणाला देत नसे.

या कामात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे प्लास्टिक. मऊ प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावं म्हणून एक तेलकट पदार्थ घातलेला असतो. तो जे लागेल त्यात उतरतो. सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्याचा रेणू असा मोडतो की मूळ रेणू जवळजवळ दिसतच नाही, आणि एकच रेघ आभाळाला टेकते, एकशे एकोणपन्नासवर. आमच्या धंद्यात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. नमुन्यात तो दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, हा नमुन्यातला की बाटलीतला? म्हणून मी दारावर पाटी लावली होती, "नमुना प्लास्टिकमध्ये स्वीकारला जाणार नाही." खाली लाल शाईने रेघ.

ती पाटी मी किती कडक पाळत होते, हे तुम्हाला पाचूबंदरच्या एका बाईवरून कळेल. तिची सुरमई घेणारा व्यापारी म्हणायला लागला होता की मासळीला डिझेलचा वास येतो. ती प्लास्टिकच्या पिशवीत दोन मोठे तुकडे घेऊन आमच्या जिन्यावर उभी राहिली. सबंध मजला मासळीच्या वासाने भरला.

"हे असं चालणार नाही," मी म्हटलं. "स्टीलच्या डब्यात आणा."

"डबा? मासली बगायची हाय का डबा?"

"पिशवीचं प्लास्टिक मासळीत उतरतं. मग मशीनला काय कळणार कुठलं काय?"

"तुज्या मशीनीपरीस माजं नाक बरं मग," ती म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला हजर. हातात पितळी कड्यांचा घासून लख्ख केलेला स्टीलचा डबा. टेबलावर असा आपटला की सर बाहेर आले. "घे बाय. लग्नातला हाय. आता तरी बग."

बघितलं. डिझेलचे रेणू मोडले की रेघांची शिडी येते. सत्तावन्न, एकाहत्तर, पंच्याऐंशी, चौदा-चौदाची पायरी. शिडी स्पष्ट होती. मी तिला समजावून सांगायला लागले तर तिने हात वर केला. "मना ठावं हाय. नवऱ्याने डिझेलचा कॅन बर्फाच्या खनात ठेवला. महिनाभर सांगते, आयकत नाय. मना कागद पायजे. कागद दाखवला का आयकल."

आणि तिने खरोखर कागद नेऊन नवऱ्यापुढे ठेवला. कॅनची जागा बदलली. पुढे दोनदा मला कोळंबी आणून दिली, डब्यातूनच. आम्ही तिच्यावर पुष्कळ हसलो. तिने जे सांगितलं ते मात्र मी हसण्यावारी नेलं. माणसाला नाकाने कळलेलं पुरत नाही, कागद लागतो. आणि कागद हातात आला की मग माणसं थांबत नाहीत, चालू लागतात.

आता बावखल.

बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वीच्या लोकांनी वाडीत भर घालायला जी माती काढली, तिथे ही खोल जागा राहिली. पावसाचं पाणी तिच्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात. आमच्या घराचं बावखल तुमच्या आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं सामाईक. नोकरीमुळे आम्ही वसईत राहायला आलो. वाडी भावजी आणि त्यांची बायको वत्सला सांभाळायचे. केळी, नारळ, पानवेल, कडेने अळू. उतरायला सात दगडी पायऱ्या होत्या आणि पाचव्या पायरीवर वत्सलाची धुण्याची जागा. लग्न होऊन आले तेव्हा मला पोहता येत नव्हतं. कॉन्व्हेंटात शिकलेली मोठी जाऊ पाण्याला घाबरते, याचा वत्सलाला फार आनंद झाला होता. तिने मला त्या पाण्यात पोहायला शिकवलं, साडीचा काचा मारून, माझ्या हनुवटीखाली हात धरून. "ताई, पानी तुम्हाला खात नाय. तुम्हीच त्याला खाताय," असं म्हणायची, कारण मी तोंड उघडून ओरडायचे आणि गिळायचे. घरात आम्ही वाडवळीच बोलायचो. इथे तुम्हाला कळावं म्हणून मी बाकी घरच्यांचं बोलणं पुस्तकी करते आहे, पण वत्सलाचं बोलणं, तिचं "पानी" मला सुधारवत नाही.

भावजींचा मुलगा प्रमोद, तुमचा प्रमोदमामा, मोठा झाला. त्याने टेम्पो घेतला. टेम्पो उभा करायला जागा नव्हती, लग्न ठरत होतं, दोन खोल्या वाढवायच्या होत्या. तो वाईट मुलगा नव्हता, आजही नाही. त्याचं म्हणणं होतं की मागे नव्या इमारती झाल्या, त्यांचं सांडपाणी झिरपतं, बावखलाचं पाणी आता वापरायच्या लायकीचं राहिलेलं नाही. नुसते डास. भराव टाकून जागा करू. भावजी नेहमीप्रमाणे काहीच बोलत नव्हते. वत्सला भांडत होती. शेवटी एका दुपारी ती एकटीच बसने माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही पान्याची परीक्षा करता ना?"

"करते की."

"मग आमच्या पान्याची करा. पानी चांगलं हाय, मला ठाऊक हाय. पन घरात माझं कोन ऐकतं? तुमचा कागद ऐकतील."

मी तिला प्रयोगशाळेतली तपकिरी काचेची लिटरभराची बाटली दिली. कशी भरायची ते समजावलं. काठावरून नको, मध्ये जाऊन, पाण्याखाली तोंड धरून, हवा राहू द्यायची नाही. मी अगदी शिक्षिकेसारखी सांगत होते आणि ती मान डोलावत होती.

भरल्यावर तीन दिवसांनी तिने बाटली आणली. आमच्या घरी एक रीत आहे. दुसऱ्या घरी काही पातळ पाठवायचं, ताक असो, तूप असो, तर त्याचं तोंड बांधून पाठवायचं. सांडलं तर पाठवणाऱ्या घराची लाज. वत्सला त्या बाबतीत सासूबाईंच्याही वरची. बाटलीच्या झाकणातली चकती तिला सैल वाटली, बसमध्ये गळेल म्हणून तिने झाकणाखाली जाड प्लास्टिकचा तुकडा घातला होता, आणि वरून सुतळीचे वेढे, शेवटी ती खास सासूबाईंची गाठ. मी ती गाठ सोडली. इतकी छान बांधली होती की कापायचा धीर झाला नाही, बसून सोडवली. प्लास्टिकचा तुकडा माझ्या बोटांनी काढून बाजूला ठेवला.

हे मी पाहिलं. लक्षात ठेवा, मी पाहिलं. पाचूबंदरच्या बाईला मी जिन्यावरून परत पाठवलं होतं. दारावर लाल रेघ होती. पण ही बाटली घरची होती. घरच्या हाताने बांधलेली वस्तू अस्वच्छ असेल हे माझ्या मनात आलंच नाही. वर एक थेंब सांडला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

एकशे एकोणपन्नासची रेघ आभाळाला टेकली.

मी काळजी घेतली नाही असं नाही. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेऊन तीच सगळी कृती केली, म्हणजे दोष आमच्या काचसामानात आहे का ते कळावं. ते स्वच्छ आलं. मग मी लिहिलं, पाण्यात प्लास्टिकजन्य प्रदूषक लक्षणीय प्रमाणात आढळलं. खाली सही केली. शुद्ध पाणी मी प्लास्टिकच्या तुकड्याखाली तीन दिवस ठेवलं नव्हतं, एवढंच राहिलं.

कागद मी स्वतः नेऊन दिला. वत्सलाने तो उलटा-सुलटा करून पाहिला, तिला इंग्रजी येत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चांगलं हाय ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "इमारतींचं काहीतरी उतरतंय. पाइपांमधून असेल."

प्रमोदने कागद दोनदा वाचला. जिंकल्यासारखं त्याने काही दाखवलं नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. फक्त म्हणाला, "काकू, तुम्हीच म्हणताय म्हणजे झालंच." भावजी उठून वाडीत गेले. पंधरा दिवसांत भरावाची पहिली गाडी आली. कुठल्यातरी पाडलेल्या चाळीच्या विटा, फरशा, तुटके संडास. दक्षिणेकडून टाकायला सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यातच वाडीतली पानवेलीची एक रांग ऊन लागल्यासारखी पिवळी पडली. वत्सला मला फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, बेडूक रस्त्यावर आलेत."

गणपतीत आम्ही नंदाखालला गेलो. बावखल तोवर निम्मं बुजलं होतं. मी तिकडे पाहायचं टाळत होते. आरती झाली, जेवणं झाली, मी पानं उचलायला मदत करत होते. भावजींच्या जेवायच्या टेबलावर जाड पारदर्शक प्लास्टिक अंथरलेलं असायचं, वरण सांडलं तर पुसायला बरं म्हणून. ते पुसताना माझा हात कोपऱ्याशी थांबला. कोपऱ्यातून एक चौकोन कापलेला होता. साधारण बाटलीच्या तोंडाला पुरेल एवढा. कात्रीने, अगदी सरळ. वत्सलाचं काम.

मी तिथेच पुसत राहिले. वत्सलाने विचारलं, "ताई, डाग हाय का?" मी हो म्हटलं.

निघताना मी त्या कापलेल्या कडेची एक बोटभर पट्टी मागून घेतली. कशाला, ते वत्सलाने विचारलं नाही. पिशवीत जेवणाचा डबा होता, तो रिकामा करून त्यात पट्टी ठेवली. बावखलाच्या मोकळ्या बाजूला जाऊन पायऱ्या उतरले आणि भावजींच्या घरची काचेची बरणी धुवून तिच्यात पाणी घेतलं, तोंडाला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल. सोमवारी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचले. पट्टी, पाणी, आणि पट्टी घालून तीन दिवस ठेवलेलं शुद्ध पाणी. गुरुवारी तिन्ही आलेख टेबलावर होते. पट्टीत एकशे एकोणपन्नास. पट्टीबरोबर ठेवलेल्या पाण्यात एकशे एकोणपन्नास. बावखलाच्या पाण्यात पालापाचोळ्याचं आणि मातीचं जे असतं ते होतं, बाकी काही नाही.

मी सरांकडे गेले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, घरचंच प्रकरण आहे. तोंडी सांगून टाका."

"पहिलं कागदावर गेलं सर."

"प्रयोगशाळा स्वतःच्या रिपोर्टविरुद्ध रिपोर्ट देते असं कुठे पाहिलंत?"

"नाही पाहिलं. पण चूक प्रयोगशाळेची नाही, माझी आहे. तसंच लिहिते." त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग सही केली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी घरची बाटली दुसऱ्या कुणालातरी उघडायला द्या." जळलेल्या तारेनंतर एवढं एकच वाक्य ते मला टोचून बोलले.

रविवारी मी भावजींच्या ओटीवर दुसरा कागद वाचला. इंग्रजीत नाही, एकेक ओळ मराठीत सांगत. प्रमोद उभा होता. वत्सला तांदूळ निवडत होती. झाकणाखालच्या प्लास्टिकपाशी आले तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हणजे मी घातलं म्हणून?"

"नाही. तू नमुना आणलास. तो नाकारायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

ती म्हणाली, "पन ताई, गाठ तर तुम्ही सोडलीत."

"हो."

"मग तुम्हाला दिसलं असेल."

"दिसलं."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. प्रमोद म्हणाला, "काकू, आता कागद दोन झाले. मी कुठला मानू?" त्यात चेष्टा नव्हती. त्याने गाड्या सांगून ठेवल्या होत्या. भावजींनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "वहिनी," ते म्हणाले, "हा पण पहिल्यासारखाच खात्रीचा ना?"  मी म्हटलं, "या वेळी पाणी मी स्वतः काढलं."

कुणी काही ठरवलं नाही. मी वसईला परत आले. पुढचं मला प्रमोदनेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भरावाची गाडी मागे मागे येत होती, तर भरावाच्या टोकाला, बरोबर गाडी रिकामी व्हायच्या जागी, वत्सला धुण्याचा दगड मांडून बसलेली. शेजारी घरभराच्या चादरी, गोधड्या, पडदे.

ड्रायव्हर म्हणाला, "ओ मावशी, बाजूला व्हा."

"धुनं होऊ दे."

"किती वेळ लागंल?"

"बघ की, किती हाय ते."

धुणं चार दिवस चाललं. संपलं की शेजारणींचं आणायची. कुणाच्या घरच्या गोधड्या किती मळल्या आहेत यावर गावात चर्चा झाली. पाचव्या दिवशी प्रमोदने गाडीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तोवर टेम्पोला जागा झालीच होती. दोन खोल्या त्याने पुढे त्या भरावावर बांधल्या. भिंतीला दरवर्षी भेग जाते, दरवर्षी तो भरतो. खालची माती अजून बसते आहे.

वत्सला माझ्याशी बोलायची थांबली नाही. सणावाराला, दुखण्याखुपण्याला होतीच. पण त्या दिवसानंतर तिने आमच्याकडे काही पातळ पाठवलं नाही. केळी पाठवायची, नारळ पाठवायची, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पानात गुंडाळून पाठवायची. ताक नाही, तूप नाही. मी एकदा विचारलं, "तुझ्या हातचं ताक पिऊन किती दिवस झाले गं." ती म्हणाली, "या की. इथं येऊन प्या." जात राहिले. तिथे बसून प्यायचे. तीन वर्षांपूर्वी ती गेली, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण मी दिसले की म्हणायची, "तोंड मिटून घ्या, पानी जाईल." तिच्यालेखी मी अजून पोहायला शिकत होते.

मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी ते यंत्र काढलं. नवीन आलंय ते आकाराने निम्मं आहे, असं ऐकते. बघायला बोलावलं होतं, गेले नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्यांना मी ही गोष्ट सांगितली होती, नावं न घेता. त्यातली एक मला सांगत होती की तिच्याकडे बाहेरून आलेल्या प्रत्येक बाटलीबरोबर शुद्ध पाण्याची दुसरी बाटली जाते, तशाच झाकणाची, तशीच बांधलेली, नमुना आणणाऱ्याच्याच हातात दिलेली. मला बरं वाटलं. बावखल बुजायच्या आधी कुणी मला हे सांगितलं असतं तर, असंही वाटलं.

अर्णव, तू विचारलंस ते कापल्यासारखं का दिसतं. गाडी जिथे थांबली ती कड आहे ती. इरा, तू विचारलंस मी नक्की काय करायचे. वस्तू मोडून तिचं नाव सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर सांगितलं.

तुम्ही दोघं डिसेंबरात याल असं तुमची आई म्हणते आहे. मागच्या डिसेंबरातही म्हणाली होती. आलात तर पाण्यात उतरायला जुने कपडे आणा. मी काठावर बसेन, हनुवटीखाली हात धरायला प्रमोदमामा आहे, त्यालाही त्याच्या आईनेच शिकवलं.

काल मी जाऊन पाहून आले. उत्तरेकडची बाजू शाबूत आहे. सातांपैकी चार पायऱ्या पाण्याबाहेर दिसतात, पाचवी पाण्याखाली आहे पण पायाला लागते. पानवेलीच्या दोन रांगा हिरव्या आहेत. विहिरीचं पाणी मी चाखलं, गोड आहे.